स्विच बंद, तरी इंजिन थांबेना : खान्देशी उन्हाळा आणि आयसोलेटेड सेक्शन

मॉडेल रेल्वेचा लेआउट, म्हणजे फळीवर मांडलेली छोटी रेल्वे, जानेवारीत उभा राहिला. बाजूच्या लाइनच्या टोकाला एका रुळात फट कापून वेगळा तुकडा (आयसोलेटेड सेक्शन) केला, त्या तुकड्याला वीज देणारी वायर, म्हणजे फीडर, स्विचमधून नेली आणि स्विच बंद केला की इंजिन जागच्या जागी उभं राहू लागलं. होळी झाली, एप्रिल लागला आणि आता दुपारी तेच इंजिन बंद सेक्शनमधून सरळ पुढे जाऊन बफरला (रूळ संपतो तिथल्या अडसराला) धडकतं. रात्री अकराला पुन्हा तपासलं तर सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला तीच कथा.

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात ही तक्रार दर उन्हाळ्यात येते. आधी स्विच बदलला जातो, मग वायर, मग वेग-दिशा ठरवणाऱ्या बिचाऱ्या कंट्रोलरवर संशय. दोष मात्र बहुतेक वेळा रुळातल्या फटीतच असतो. उन्हाने ती मिटलेली असते आणि दोन्ही टोकं एकमेकांना टेकून करंट पुढे देत असतात.

फट का मिटते

मॉडेलचे बरेचसे चांगले रूळ निकेल सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी आत तांबं, निकेल आणि जस्त, म्हणजे भांड्यांच्या दुकानात ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात तोच प्रकार. हा धातू १ मीटर लांबीला दर १० अंशांमागे साधारण ०.१६ ते ०.१७ मिमी वाढतो. पितळी रूळ थोडे जास्त वाढतात, पोलादी कमी.

आकडा किरकोळ वाटतो, पण हिशेब करून बघा. ८ फुटी फळीवर सलग सोल्डर केलेला २.४ मीटर रूळ, बसवताना खोलीत १८ अंश, मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ४४. फरक २६ अंश. वाढ जवळजवळ १ मिमी. फट कापली असेल सोनाराच्या बारीक करवतीने, तर ती जेमतेम ०.३ ते ०.४ मिमीची. ती मार्चमध्येच मिटते.

यात दुसरी गोष्ट मिसळते आणि ती आपल्याकडे जास्त जाणवते. प्लाय, एमडीएफ आणि लाकडी पट्ट्या हवेतल्या ओलाव्यावर फुगतात-आकसतात. कोकणात उन्हाळाही दमट असतो. खान्देशात एप्रिल-मे कोरडा ठणठणीत, त्यामुळे रूळ वाढत असतो त्याच वेळी खालची फळी आकसत असते. फट दोन्हीकडून दाबली जाते. पावसाळ्यात उलट : फळी फुगते, रूळ गार होतो आणि फट आपोआप उघडते. म्हणून जुलैत दोष गायब होतो आणि ‘आपोआप सुटला’ असा समज करून घेतला जातो.

कूलरच्या खोलीत चित्र आणखी गोंधळाचं. दिवसभर कूलर चालला की हवेत दमटपणा भरतो, फळी फुगते. रात्री तो बंद, खिडक्या उघड्या, फळी पुन्हा सुकते. अशा खोलीत फट सकाळी एक, दुपारी दुसरी. लेआउट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, एवढं केलं तरी बराच फरक पडतो. पोलादी रुळावर गंज धरतो तोही याच झोताने.

आधी दोष फटीतच आहे ना, हे पक्कं करा

मल्टिमीटर बीपवर लावून फटीच्या दोन्ही बाजूंना टेकवला, बीप वाजला, म्हणजे फट मिटली : असं लगेच मानू नका. मीटर हमखास फसतो तो इथे. सेक्शनमध्ये इंजिन उभं असेल तर त्याच्या मोटरमधून दुसऱ्या रुळाकडे वाट असते आणि तिथून कंट्रोलरमार्गे परत पहिल्या रुळाकडे. मोटरचा रोध काही दहा ओहमच असतो, तेवढ्यावर बऱ्याच मीटरचा बीप वाजतो. म्हणून चाचणीपूर्वी रुळावरचं झाडून सगळं उचला, दिव्यांचे डबेसुद्धा. कंट्रोलरच्या दोन्ही वायर सोडवा. सेक्शनचा स्विच बंद. आता वाजला तर दोष खरा.

मग स्विचकडे जाणारी सेक्शनची वायरही सोडा. तरीही वाजत असेल तर वाट रुळातूनच आहे. थांबला तर दोष स्विचमध्ये किंवा पाठीमागच्या वायरिंगमध्ये, आणि पुढचा सगळा खटाटोप तुम्हाला लागू नाही.

फट डोळ्यांनी बघण्यापेक्षा कागद घाला. साध्या झेरॉक्सचा कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो. एक पदर जातो, दुमडून दोन जात नाहीत, म्हणजे फट ०.१ ते ०.२ च्या मध्ये, आणि अशी फट दुपारपर्यंत टिकणार नाही. कागद जातो पण बीप वाजतो, असं असेल तर फटीच्या खालच्या अंगाला बघा. करवतीने राहिलेली धातूची कीस किंवा रुळाच्या तळाशी न कापला गेलेला पापुद्रा असतो.

थंडीत हाच दोष उभा करून बघायचा असेल तर हेअर ड्रायर वापरा. वीतभर अंतरावरून फटीच्या दोन्ही बाजूंचा हात-दोन हात रूळ गरम करा आणि मीटर लावून ठेवा. बीप वाजला की उत्तर मिळालं. ड्रायर एका जागी धरून ठेवू नका, प्लास्टिकचे स्लीपर (रुळाखालच्या आडव्या पट्ट्या) वाकतात.

तारेच्या घासणीने रूळ घासायची सवय असेल तर आजच सोडा. पोलादी तंतू फटीत अडकून पूल बांधतात, शिवाय मोटरच्या चुंबकाला चिकटून इंजिनचं वाटोळं करतात. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे आयपीए (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) मिळतं, ते सुती कापडावर घेऊन पुसा. चाकांचं काळं आणि तेल मिळून बनलेला चिकटाही अरुंद फटीत साचतो, तो त्यानेच निघतो.

कायमचा इलाज : बांधा, कापा, भरा

फट रुंद करून तशीच मोकळी ठेवणं हा इलाज अर्धाच आहे. १ मिमीची मोकळी फट हिवाळ्यात दीड-दोन मिमीची होते, चाक तिथे आपटतं आणि नॅरोगेजचं छोटं इंजिन अडखळतं. फटीत वीज न नेणारं काहीतरी घट्ट बसवायला हवं, आणि त्याआधी रूळ त्या जागी बांधायला हवा. क्रम महत्त्वाचा आहे. कापून झाल्यावर बांधायला गेलात तर दोन टोकं एका रेषेत परत येत नाहीत.

बांधण्यासाठी १.६ मिमी जाडीच्या पीसीबीच्या (तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाच्या) पट्ट्या करा, साधारण ४ मिमी रुंद आणि एचओसाठी (१:८७ प्रमाणाच्या मॉडेलसाठी) ३२ मिमी लांब. एका फटीला दोन. जिथे कापायचं त्याच्या दोन्ही बाजूंचा एकेक प्लास्टिक स्लीपर काढून त्या जागी पट्टी सरकवा. पट्टीवरचं तांबं दोन रुळांच्या मधोमध कानशीने आडवं कापलेलं हवं, नाहीतर दोन्ही रूळ त्या तांब्यानेच जोडले जातील. सोल्डर करण्याआधी मीटर लावून हे बघाच. पट्टी फळीला छोट्या स्क्रूने किंवा अरॅल्डाइटने धरा. नुसता फेव्हिकॉल उन्हाळ्यात इथला जोर पेलत नाही.

रूळ पट्टीला सोल्डर करताना २५ वॅटचं आयर्न असेल तर ते रुळाला पुरेशी उष्णता पुरवू शकत नाही. तुम्ही दाबून धरून बसता आणि तोवर शेजारचे स्लीपर वितळतात. ४० ते ६० वॅटचं घ्या, टोक स्वच्छ, रोझिन फ्लक्स, ६०/४० कथील, आणि दोन-तीन सेकंदांत काम संपवा. फीडरच्या वायरही याच वेळी लावून घ्या. पुढे प्लास्टिक भरल्यावर जवळ आयर्न नेता येत नाही.

आता कापा. दोन पीसीबी पट्ट्यांच्या मधोमध, रुळाला काटकोनात. कटिंग डिस्क लावलेलं छोटं रोटरी हत्यार असेल तर उत्तम, फट ०.६ ते ०.८ मिमी येते. डिस्क तुटून उडते, चष्मा घाला. वळणावर शक्यतो कापू नका. वाकवलेला रूळ कापला की टोक सरळ व्हायला बघतं, चाक तिथेच उतरतं.

भरायला जुनं एटीएम कार्ड चालतं. त्याची जाडी प्रमाणित ०.७६ मिमी असते, आणि मुदत संपलेलं कार्ड घरोघरी सापडतं. (चिपचा भाग घेऊ नका, त्यात धातू असतो.) फट थोडी अरुंद असेल तर तुकडा बारीक सँडपेपरवर घासून बसता करा, फटीला जबरदस्ती करू नका. तुकडा रुळापेक्षा चारी बाजूंनी २-३ मिमी मोठा ठेवा. फेव्हिक्विकचा एक थेंब, पंधरा मिनिटं थांबा, मग धारदार पात्याने वरचं आणि बाहेरचं छाटा. चाकाची कड जिथून जाते ती आतली बाजू कानशीने रुळाच्या आकारात आणा. नख फिरवून बघा, ते अडकलं तर चाकही अडकेल.

कार्ड पीव्हीसीचं असतं आणि साधारण ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं. खोलीच्या उन्हाने त्याला काही होत नाही, पण सोल्डरिंग आयर्नने नक्की होतं. म्हणून फीडर आधी.

प्लास्टिकचे तयार आयसोलेटिंग जॉइनर (दोन रुळांची टोकं धरणारे, वीज न नेणारे सांधे) वापरत असाल तर तेही चांगले, पण त्यांच्या मधला पडदा आहे का बघा. काही स्वस्त जॉइनरना पडदा नसतो. रूळ दोन्हीकडून सरकत आत येतात आणि जॉइनरच्या पोटात एकमेकांना टेकतात. बाहेरून प्लास्टिक दिसतं, आत बीप वाजतो. तिथेही कार्डाची बारीक चकती घाला.

मग वाढ जाईल कुठे?

हा प्रश्न विसरला तर नवा दोष पदरात पडतो. फट भरली, बांधली, आता १ मिमीची वाढ कुठेतरी निघणारच. वाट नसेल तर रूळ आडवा फुगतो आणि मे महिन्यात लेआउटवर सापासारखं वळण दिसतं.

म्हणून सगळे जॉइनर सोल्डर करू नका. फ्लेक्सी ट्रॅकचा (हवा तसा वाकवता येणाऱ्या रुळांचा) अख्खा तुकडा ९१४ मिमीचा येतो, तेव्हा दर तुकड्याला एक सांधा मोकळा सोडा. साध्या धातूच्या जॉइनरमध्ये दोन रुळांत जागा ठेवायची, सोल्डर नाही. हिवाळ्यात बसवत असाल तर ही जागा ०.४ ते ०.५ मिमी हवी. जाड लग्नपत्रिकेचा कपटा मध्ये धरून रूळ बसवा आणि मग कपटा काढून घ्या. भर मे महिन्यात बसवत असाल तर रूळ टेकवलात तरी चालेल, तो पुढे फक्त आकसणारच आहे. मोकळा सांधा वीज नेण्याच्या भरवशाचा नसतो, म्हणून रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा फीडर. कंजूषपणा करायचा असेल तर दुसरीकडे करा.

खडी चिकटवताना पातळ केलेला फेव्हिकॉल मोकळ्या सांध्यात जाऊ देऊ नका, सांधा जाम होतो. भरलेल्या फटीच्या आसपासचा फेव्हिकॉल ओला असेपर्यंत थोडी वीज वाहू देतो. खडी टाकल्या रात्री मीटर लावून घाबरू नका, वाळू द्या.

फट चांगली असूनही थांबत नाही तेव्हा

इथे ऊन दोषी नाही, म्हणून दिवसाची वेळ बघा. सकाळ-दुपार-रात्र सारखाच त्रास असेल तर पुढची कारणं.

सेक्शन आखूड पडतो हे पहिलं. इंजिन थांबतं ते करंट घेणारं त्याचं शेवटचं चाक सेक्शनमध्ये आल्यावर. मागची बोगी (डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा गाडा) बाहेर चालू रुळावर आहे तोवर ते चालतच राहतं. सेक्शन त्याच्या चाकांच्या अंतरापेक्षा लहान असेल तर पुढची बोगी पलीकडच्या चालू रुळावर पोचते आणि इंजिन थांबतच नाही. भुसावळकरांच्या परिचयाचं इलेक्ट्रिक इंजिन डब्ल्यूएपी-७ खऱ्यात २०.५६ मीटर, एचओ म्हणजे १:८७ ला २३६ मिमी. डिझेल इंजिन डब्ल्यूडीएम-२ येतं १९७ मिमी. एका इंजिनासाठी सेक्शन ३०० मिमी धरा, दोन इंजिनं जोडून उभी करणार असाल तर ५५० ते ६००. ‘डिझेल थांबतं, इलेक्ट्रिक थांबत नाही’ ही तक्रार जवळजवळ नेहमी याचीच.

दुसरं कारण शोधायला त्रासदायक : एकटं इंजिन थांबतं, गाडी जोडली की थांबत नाही. डब्यात दिवे असतील तर बघा. दिव्यांच्या डब्यात दोन्ही बोग्यांतून करंट घेतात आणि एकाच बाजूच्या चाकांना आतून एक वायर जोडलेली असते. पुढची बोगी बंद सेक्शनमध्ये, मागची बाहेर, म्हणजे डबाच फटीवर पूल झाला आणि इंजिनाला त्यातून खुराक मिळत राहतो. एलएचबी (नव्या बनावटीचा लांब) डबा १:८७ ला २७० मिमी, तेव्हा पूल चांगलाच लांब. इलाज : इंजिनामागच्या पहिल्या डब्याची करंट फक्त एका बोगीतून घ्या, किंवा पहिला डबा बिनदिव्याचा लावा. बऱ्याच खऱ्या गाड्यांना पुढे पार्सलचा डबा असतो, तो लावला तर कोणी नाव ठेवणार नाही.

तिसरं : फट एका रुळाला, स्विच दुसऱ्या रुळाच्या वायरला. हसू नका, फळीखाली उताणं पडून वायरिंग करताना डावं-उजवं उलटतंच. संपूर्ण लेआउटवर एकच बाजू कापायची असं ठरवा, तिच्या वायर लाल. न कापलेली बाजू कॉमन, तिच्या काळ्या. मुख्य वायरला १.५ चौरस मिमीची घरगुती वायर भरपूर होते, फीडरला बारीक मल्टिस्ट्रँड चालते, फक्त ती वीतभरापेक्षा लांब नको.

चौथं : एकाच १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर दोन पीडब्ल्यूएम कंट्रोलर (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग ठरवणारे) आणि एक रूळ दोघांना कॉमन. एक गाडी पुढे, एक मागे घेतली की शॉर्ट. कॉमन रूळ ठेवायचा असेल तर प्रत्येक कंट्रोलरला वेगळा अडॅप्टर लागतो, यात पळवाट नाही. अडॅप्टर एकच ठेवायचा असेल तर दोन्ही रूळ कापा आणि डबल पोल स्विच (दोन्ही वायर एकदम तोडणारा) लावा.

उलट तक्रार : स्विच चालू, तरी इंजिन मेलेलं

मीटर १२ व्होल्ट दाखवतो, इंजिन हलत नाही. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून कच्च्या सांध्यातूनही त्याला पूर्ण व्होल्ट दिसतात. भार देऊन मोजा. मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब सुमारे ०.८ अँपिअर घेतो. तो सेक्शनच्या दोन रुळांवर टेकवा आणि त्याच वेळी व्होल्ट बघा. आधी मुख्य लाइनवर, मग सेक्शनमध्ये. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक पडला तर फीडरचा सोल्डर कोरडा आहे किंवा स्विचचे कॉन्टॅक्ट काळे पडलेत. बल्ब तापतो, स्लीपरवर ठेवून विसरू नका.

बफरच्या टोकाला स्विचऐवजी डायोड

डेड-एंड सायडिंगमध्ये दुसरा पर्याय स्वस्त आणि मस्त. शेवटच्या ३०० मिमीच्या तुकड्याआधी एकच फट, आणि तिच्यावर १एन४००७ डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग). गाडी बफरकडे येताना आपोआप थांबते, उलट दिशा दिली की बाहेर निघते. हा डायोड १ अँपिअरचा असतो. जोडीने इंजिनं चालवणार असाल तर १एन५४०८ घ्या, तो ३ अँपिअरचा.

डायोडच्या एका टोकावर असलेला पट्टा कोणत्या बाजूला ठेवायचा, यावर सगळे अडतात. बफरकडे तोंड करून उभे राहा. उजव्या रुळाला धन (प्लस) आलं की गाडी तुमच्या समोर, म्हणजे बफरकडे जाते. फट उजव्या रुळात असेल तर डायोडचा पट्टा मुख्य लाइनच्या बाजूला. फट डाव्या रुळात असेल तर पट्टा बफरच्या बाजूला. बाहेर निघताना इंजिन किंचित मंद वाटेल, डायोड ०.७ व्होल्ट खातो. फट मिटली की डायोड निकामी ठरतो हे वेगळं सांगायला नको. इथलीही फट भरलेलीच हवी.

पाचोरा-जामनेरसारखी नॅरोगेज शेजारी मांडली असेल तर तिथेही हेच, फक्त नाजूकपणे. ७६२ मिमी गेज १:८७ ला ८.७६ मिमी येतं, म्हणून एन गेजचा (एचओहून लहान प्रमाणाच्या मॉडेलचा) ९ मिमी रूळ वापरतात. त्याचा रूळ बुटका, कार्डाचा तुकडा केसभर वर राहिला तरी छोटं इंजिन उचललं जातं. आणि सेक्शन १५० मिमीचा पुरतो.

डीसीसीवर (प्रत्येक इंजिनाला वेगळी डिजिटल आज्ञा देणाऱ्या पद्धतीवर) गाडी थांबवायला आयसोलेटेड सेक्शन लागत नाही, तरी बूस्टरच्या (रुळांना वीज पुरवणाऱ्या यंत्राच्या) हद्दीवर आणि बलून लूपवर (गाडी वळून त्याच लाइनवर परत येते त्या फेऱ्यावर) दोन्ही रूळ कापावेच लागतात. तिथे फट मिटली तर गाडी पुढे जात नाही, थेट शॉर्ट होऊन सगळा लेआउट झोपू शकतो. म्हणून तिथे मोकळी फट ठेवूच नका.

काम झाल्यावर खरी परीक्षा मे महिन्यातल्या दुपारी, खोली बंद, पंखा-कूलर बंद, पत्रा तापलेला असताना. रुळावरचं सगळं उचलून, कंट्रोलर सोडवून, प्रत्येक फटीवर मीटर. भरलेल्या फटीवरही बीप वाजला तर कार्डाकडे बघत बसू नका. बहुतेक वेळा दोन पीसीबी पट्ट्यांमध्ये सोल्डरचा ओघळ पुढे आलेला असतो, किंवा दोन फीडर फळीच्या एकाच भोकातून खाली नेलेले असतात आणि त्यांचं इन्सुलेशन आयर्नच्या उष्णतेने मागे सरकलेलं असतं. प्रत्येक फीडरला वेगळं भोक पाडा.